दिवसाची राखण

राखण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? उभं पीक येतं, खळ्यावरची रास येते, फार तर सोनाराचं दुकान येतं. आमच्या घरमालकांनी म्हातारपणी राखली ती झोप. तीही स्वतःची नाही, भाडेकरूंची, आणि भर दुपारी. मी हे सांगायला लागले की आमच्या सुना हसतात. म्हणतात, "आई, काहीतरीच तुमचं." पण मी त्या झोपेच्या दाराशी बसून तांदूळ निवडलेत, मला विचारा.

त्यांना सगळे आबाच म्हणायचे. कुरकुंभला कारखाने नवे नवे उभे राहत होते तेव्हाची ही गोष्ट. माझं लग्न नुकतंच झालेलं. आमचं गाव शिरूर तालुक्यात, पाबळच्या पलीकडं, सगळं पावसावरचं रान. आमच्या ह्यांना एका केमिकल कंपनीत हेल्पर म्हणून घेतलं, आणि आम्ही दोघं एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि माझ्या आईनं हौसेनं दिलेला प्रेशर कुकर घेऊन आबांच्या चाळीत राहायला आलो. आबांची निम्मी जमीन एमआयडीसीत गेलेली. उरलेल्या रानात, सोलापूर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यांनी पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ बांधलेली. खोल्यांना नंबर नव्हते. ज्या जागी जे पीक यायचं तेच खोलीचं नाव. आमची खोली हरभऱ्यातली. शेजारची करडईतली. कुणी खोली विचारायला आला की आबा म्हणायचे, "ज्वारीतली मोकळी हाय, बघता का?" तो बिचारा कणसं शोधत रानभर फिरून यायचा.

चाळीपुढं अंगणात एक माळा उभा होता. चार मेढी रोवून वर फळ्या टाकलेला, ज्वारीवरची पाखरं हाकायचा जुना माळा. आबांचा मुलगा म्हणायचा, "आबा, आता ज्वारी न्हाई, पाखरं न्हाईत, मोडून टाकू हे." आबा म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. उंचावर बसलं की डोकं चालतं." किडकिडीत बांधा, डोक्याला पांढरा पटका, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं न बघता त्याच्या डोक्यावरच्या आभाळाकडं बघायची सवय. माणसाशी बोलताहेत का पावसाशी, कळायचं नाही.

खरं सांगते, पहिल्या पहिल्यांदा मला आबा आवडले नव्हते. उगवतीनंतर अंथरुणात दिसलेला माणूस म्हणजे एक तर आजारी, नाहीतर दळिद्री. तिसरा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. आणि चाळीत तर निम्मी माणसं रातपाळीची. सकाळी बसमधून उतरून, दोन घास खाऊन आडवी व्हायची, तोच आबांची काठी दारावर.

"उठा रं! दिवस कासराभर वर आला आन् तंगड्या पसरून पडलाय व्हय? लक्षुमी दारातनं माघारी जाईल!"

पोरं उठायची. म्हातारा माणूस, त्यात घरमालक, बोलणार कोण? ओट्यावर तांबारलेले डोळे चोळत बसायची. मग आबा त्यांच्या हातात बादल्या द्यायचे. "बसण्यापरीस लिंबाला पाणी घाला." आमचे हेसुद्धा घालायचे. मी म्हणायची, अहो, सांगा की त्यांना. तर म्हणायचे, "जाऊ दे. आपल्या बापानं तरी काय वेगळं केलं असतं?"

आणि मग एका रात्री कंपनीत ह्यांचा रिअॅक्टरपाशी उभ्या उभ्या डोळा लागला. रिअॅक्टर म्हणजे आपलं मोठं बंद भांडं समजा, आत औषधाचा माल शिजतो. बाहेर काटा असतो, तो वर चढायला लागला की पाणी सोडायचं. काट्यावर नजर ठेवायची, एवढंच ह्यांचं काम. काटा चढला आणि हे झोपेत. शेजारच्यानं वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं, नाहीतर काय झालं असतं ते मी आजही मनात आणत नाही. सकाळी साहेबांनी सांगितलं, पुन्हा डोळा लागला तर गेटच्या आत पाय ठेवायचा नाही.

त्या दिवशी हे घरी आले, पडले, आणि जरा वेळानं काठी वाजली. मी दार उघडलं. डोक्यावर पदर घेतलेली तरणी पोर मी, वडीलधाऱ्यांपुढं मान वर न करणारी. पण त्या दिवशी कुठून बळ आलं कोण जाणे.

"आबा, पुन्हा ह्या दाराला काठी लावलीत तर मी ट्रंक उचलून माहेरी जाईन. आणि वाटेत भेटेल त्याला सांगेन, घरमालकानं आमची भाकरी घालवली."

"मी? मी काय केलं गं?"

"ह्यांची रात्र आत्ता सुरू झालीये. तुम्ही रोज माणसाला मध्यरात्री उठवताय."

आबांनी आभाळाकडं बघितलं. "म्हंजी तुमच्या खोलीत आत्ता रात हाय?"

"हो."

"आन् माझ्या घरात दिवस?"

"हो."

"एकाच पत्र्याखाली?"

"हो, आबा."

त्यांनी सूर्याकडं असं बघितलं, जसं काही त्यानंच परस्पर कुणाशी तरी करार करून टाकलाय. मग काठी काखेत मारून निघून गेले. मला वाटलं, आता खोली रिकामी करायला सांगणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर आले तर आबा माळ्यावर. हातात गोफण, शेजारी ढेकळांची रास. लिंबावर कावळा बसला, कोकलायला चोच उघडली, आणि सुऽऽ करून ढेकूळ त्याच्या शेपटाला चाटून गेलं. कावळा उडाला. आबांनी मला बोटानं खूण केली, गप. मग खाली वाकून हळूच म्हणाले, "ज्वारीचा दाणा चिकात असला, भरत असला की पाखरू बसू द्यायचं नसतं. तवा चुकलं की कणीस पोचट. माणूस बी निजंतच भरतो, हे मला कुणी सांगितलंच न्हवतं बघ."

झालं, तेव्हापासून रोज सकाळी रातपाळीची बस आली की आबा माळ्यावर चढायचे आणि ऊन कललं की उतरायचे. कुणी मोठ्यानं बोललं की एकच वाक्य, "हळू. दाणा चिकात हाय." नवीन माणसाला वाटायचं, म्हातारा चळलाय. आम्हाला अर्थ कळायचा.

त्यांचा स्वतःचा कोंबडा दुपारचा आरवायचा. त्याला लेकीच्या घरी दौंडला पाहुणा म्हणून पाठवला, तो पाहुणा परत काही आला नाही. गारेगारवाला घंटी वाजवत यायचा, तर आबांनी त्याच्या घंटीच्या जिभेला चिंधी गुंडाळली. तो म्हणाला, "आबा, मग पोरांना कळणार कसं?" आबा म्हणाले, "गारेगार आलेलं पोरांना वासानं कळतं." आणि खरंच कळायचं. बोहारीण आली की दारापुढं उभी राहून नुसती पातेली दाखवायची, आम्ही नुसती लुगडी दाखवायचो, आणि सगळी घासाघीस बोटांवर. मुक्यानं भांडायला जास्त मजा येते, हे मी तिथं शिकले.

माझ्या कुकरचं तर रामायणच झालं. पहिली शिट्टी झाली आणि आबा दारात. कुकरभोवती एक चक्कर मारली. "ह्याची शिट्टी काढून ठेवता येत न्हाई का?"

"मग डाळ शिजायची नाही, आबा."

"बरं." असं म्हणून त्यांनी स्टोव्हसकट कुकर उचलला आणि लांब रानाच्या टोकाला चिंचेखाली नेऊन ठेवला. "हितं किती बी कोकल म्हणावं." पुढं चाळीतल्या सगळ्याच बायकांचे स्टोव्ह चिंचेखाली गेले. आमची ती मोठी सभाच व्हायची. डाळ शिजवायची, मोठ्यानं हसायचं, भांडायचं, आणि मग तोंड मिटून चाळीत परत यायचं. बांगड्या कोपरापर्यंत सरकवून ठेवायचो, वाजू नयेत म्हणून. आंघोळीच्या बादल्यांच्या कड्यांनासुद्धा आबांनी सुतळी गुंडाळलेली. रडणारं पोर असलं तर ते माळ्यावर जायचं. माझा थोरला त्याच माळ्यावर, आबांच्या पटक्याच्या झोळीत वाढला.

उन्हाळ्यात पत्रे तापायचे. आबा पोती भिजवून पत्र्यावर टाकायचे, खिडक्यांना जाड गोणपाट लावायचे. आत गेलं की खरोखर रात्र. बाहेर आलं की डोळे दिपायचे.

तुम्हाला सांगते, तो काळच तसा होता. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या लोकांचा दिवस कोंबड्यानं सुरू केला आणि दिवेलागणीनं संपवला. शेतात कामाची घाई असायची, पण सूर्य मावळला की घाई मावळायची. आता पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी, आणि दर आठवड्याला उलटापालट. एका घरात सकाळी रात्रीचं जेवण, शेजारी संध्याकाळी न्याहारी. सण रविवारी आला नाही तर सण नाही. नवरा दिवसभर घरात, पण झोपलेला, त्याच्याशी बोलायचं कधी? गावातले लोक टोमणे मारायचे, "ही कंपनीवाली माणसं घुबडाच्या कुळातली." कारखान्यांनी धूर आणला, पगार आणला, हे सगळे सांगतात. पण माणसाची झोप उचलून दुसरीकडं ठेवली, तिचं काय करायचं हे कुणी सांगितलं नाही. आबांनी आपल्यापुरतं ठरवलं.

निवडणुकीच्या जीपगाडीचा किस्सा अजून तिकडं सांगतात. भोंगा लावून गाडी चाळीपुढं आली आणि पहिलंच ढेकूळ भोंग्याच्या तोंडात जाऊन बसलं. उमेदवार खाली उतरले, हात जोडलेले. म्हणाले, "आबा, आमचं काही चुकलं का?"

"चुकलं न्हाई. मत मागायला आलाय न्हवं? मग हळू मागा."

त्यांनी मग घरोघर कुजबुजत मत मागितलं. निवडूनही आले. नंतर भाषणात सांगायचे, मी शांततेच्या मार्गानं निवडून आलो.

आबा हरले ते फक्त हायवेवरच्या ट्रकांपुढं. तरी एकदा जाऊन उभे राहिले रस्त्यात, दोन्ही हात पसरून. एका पंजाबी ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. त्याला वाटलं अपघात झालाय. "क्या हुआ, बाबा?"

आबांची हिंदी ही अशी. "हॉर्न मत वाजवो. इधर आदमी पिकताय."

त्याला काय कळलं देव जाणे, पण पोट धरून हसला, आबांना चहा पाजला, आणि पुढं त्या वाटेनं जाताना हॉर्नऐवजी खिडकीतून हात हलवायचा. आबा अभिमानानं सांगायचे, "एक तर एक. एक ट्रक गप केला."

आता मूळ गोष्टीवर येते. आबांच्या नातीचं लग्न ठरलं. पोरगी आमच्या सगळ्यांच्या अंगाखांद्यावरची. मुलगा शिक्रापूरकडचा. त्याच्या वडलांना आपण व्याहीच म्हणू. मोठ्या थाटाचा माणूस, मिशीला पीळ. बोलणीत त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलेलं, "पोरगा कंपनीत साहेब हाय." लग्न गोरज मुहूर्तावर, पण वऱ्हाड दुपारीच यायचं होतं, आणि व्याह्यांनी शिरूरहून बँड ठरवलेला. हमरस्त्यापासून जानवसघरापर्यंत नवरदेव घोड्यावरून वाजतगाजत येणार. जानवसघर म्हणजे गावची शाळा, आणि शाळेची वाट आमच्या चाळीपुढूनच.

नेमका ह्यांचा रातपाळीचा आठवडा. त्यातही ती रात्र साधी नव्हती. कंपनीत नवा रिअॅक्टर बसवलेला, त्यात पहिला माल त्या रात्री शिजायचा होता, आणि साहेबांनी त्याच्यावर ह्यांना उभं करायचं ठरवलेलं. सरळ सांगितलेलं, हे नीट पार पडलं तर कायम करू, नाहीतर तुझी वाट मोकळी. ह्यांचा तो लागलेला डोळा कुणी विसरलं नव्हतं. हे सकाळी आले तेव्हाच दमलेले. मी गोणपाट नीट लावलं, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला आणि म्हटलं, आज फक्त झोपा.

पण आबांना मी आधीच सांगून ठेवलेलं. "आबा, लग्न काही रोज येत नाही. वाजू द्या बँड. हे कानात कापूस घालून पडतील. एका दिवसानं काय होतंय?"

"एका दुपारीतच कणीस जातं, पोरी. पाखरू काय म्हैनाभर बसून ऱ्हात न्हाई."

त्यांनी व्याह्यांना निरोप धाडलेला, चाळीपुढून तेवढं मुक्यानं या. व्याह्यांना वाटलं, म्हाताऱ्याची चेष्टा.

न्हावरं, चौफुला करत गाड्या दुपारी आल्या. हमरस्त्यावर नवरदेव घोड्यावर चढला. बँडवाल्यांनी ओळ धरली. वाजवत निघाले ते चाळीच्या वळणापर्यंत आले, आणि तिथं वाटेच्या मधोमध आबा. नवं धोतर, नवा पटका, दोन्ही हात वर. बँड अडखळत थांबला.

"व्याही, रामराम. या. आता शाळेपातूर पायांचा बी आवाज करू नका."

व्याही पुढं आले. "आबा, पुरं झाली चेष्टा. माझ्या पोराचं वऱ्हाड मुक्यानं येणार? मयताला आलोय का आम्ही?"

अंगणात घातलेल्या मांडवातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. असा शब्द लग्नात कुणी काढतं का? आबांनी वर धरलेले हात तसेच ठेवले.

"मयताला बी वाजवत्यात, व्याही. वाजण्यावर काय ठरतंय?"

"कोण झोपलंय असं आत? कलेक्टर हाय?"

"कामगार हाईत. रातच्याला इस्तवापाशी उभं ऱ्हायाचंय त्यांना."

"मग माझ्या पावण्यांपरीस तुमचे भाडेकरी मोठे? हे बघा, वाजवायचं नसंल तर गाड्या माघारी फिरवतो."

आबांचा मुलगा व्याह्यांच्या पाया पडायला धावला. मांडवात हळदीनं पिवळी झालेली ती पोर, तिची आई तिला धरून हुंदके देत होती, तेही तोंड दाबून, कारण सवयच तशी पडलेली. मी तिथंच बायकांत बसलेली. आमच्या एका माणसाच्या झोपेपायी ह्या पोरीचं लग्न मोडणार? जळो ती नोकरी. पाबळपल्याड आमचं रान आहे, खाऊ मिळेल ते. मी उठले, आमच्या दाराशी गेले. ह्यांना उठवते, मग वाजू दे काय वाजायचं ते. कडीला हात घातला.

"पोरी." आबा वाटेतूनच हळू आवाजात म्हणाले. "कडीवरचा हात काढ."

"पण आबा, लग्न..."

"लग्नाचं मी बघतो. तू हात काढ."

तिकडं व्याह्यांनी बँडवाल्यांना हात केला. "वाजवा रे! बघू कोण अडवतंय!" वाजवणाऱ्यांनी गाल फुगवले. आणि तेवढ्यात घोड्यावरचा नवरदेव एका अंगाला कलला. आधी मुंडावळ्या कलल्या, मग मान, मग कमरेपासून अख्खा पोरगा. ढोलवाल्यानं ढोल टाकून त्याला वरच्या वर झेलला.

"पिऊन आलाय!" कुणीतरी कुजबुजलं. वाऱ्यानं नेल्यासारखा तो शब्द मांडवभर गेला. नातीच्या आईनं कपाळाला हात लावला. व्याह्यांच्या मिशीतला पीळच गेला.

आबा वाकले. पोराचं तोंड हुंगलं. पापणी वर करून बघितलं. मग त्याचा हात हातात घेऊन उन्हात धरला. नखांत काळं तेल, आणि तेलावर हळद.

"दारू न्हाई ही," आबा म्हणाले. "रातपाळी हाय."

पोरगं डोळे न उघडता पुटपुटलं, "रिलीव्हर आला न्हाई ओ..." आणि ढोलवाल्याच्या खांद्यावर घोरायला लागलं.

आता व्याह्यांकडं सगळे बघायला लागले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "नवीन हाय अजून. सुट्टी दिली न्हाई त्याला. हळद लावून कामावर गेला. सकाळी बदलीचा माणूस आला न्हाई, म्हणून पुढची पाळी बी अर्धी केली. तसाच गाडीत घातला."

"आन् साहेब हाय म्हणाला हुता ते?"

"मशिनवर हाय."

"मग पैल्याच दिशी सांगायचं की!" आबांचा चेहरा असा फुलला, जसा आजवर कुठल्या पिकानं फुलवला नसेल. "साहेब जावई म्हणल्यावर मी घोरात पडलो हुतो, त्याच्याशी बोलायचं काय! उचला रं ह्याला. गोरजला लई येळ हाय."

"कुठं निजवायचा?"

"हरभऱ्यातल्या खोलीत."

चौघांनी उचलून, बाशिंग सांभाळत, नवरदेवाला आणला आणि आमच्या ह्यांच्या शेजारी चटईवर ठेवला. ह्यांनी झोपेतच त्याच्या अंगावर गोधडी ओढली. मी दार लोटलं.

मग जी दुपार झाली तशी दुपार मी पुन्हा पाहिली नाही. सगळं वऱ्हाड कुजबुजत जेवलं. वाढपी पानापुढं वाकून कानात विचारायचे, "बुंदी?" बँडवाले आपापल्या वाद्यांवर डोकं टेकून मांडवात पडले. घोड्याच्या तोबऱ्यातले हरभरे तेवढे कुडूमकुडूम वाजत होते, त्याला आबांनी माफी दिली. थोड्या वेळानं बघते तर माळ्यावर दोन फेटे. व्याही वर जाऊन बसलेले. कावळा आला, आबांनी गोफण त्यांच्या हातात दिली. व्याही जुने शेतकरीच की. ढेकूळ बरोब्बर गेलं.

"नेम चांगला हाय," आबा म्हणाले.

"बापानं दहा वर्सं माळ्यावरच बसवलं हुतं," व्याही म्हणाले. "पोराला हे सांगायची लाज वाटायची."

"आता त्याला निजू द्या. मग सांगा."

ऊन कललं तशी मी चहा घेऊन खोलीत गेले. हे उठून बसलेले, शेजारी बघत.

"अगं, मी कुठं झोपलोय?"

"आपल्याच खोलीत."

"मग हा नवरदेव कुणाचा?"

तेवढ्यात तोही उठला. मुंडावळ्या कानामागं गेलेल्या. आमच्या दोघांकडं बघून घाबरून म्हणाला, "लग्न झालं का?"

मी इतकी हसले की बांगड्या खाली घसरल्या आणि खणाखणा वाजल्या. बाहेरून आबांचा आवाज आला, माळ्यावर बसायला लागल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं, "उठली का माणसं?"

"उठली, आबा!"

"मग आता वाजवा रं! पत्रं उडालं पायजेत!"

आणि काय वाजवलंय म्हणता! दिवसभर पोटात दाबून धरलेलं सगळं त्या बँडवाल्यांनी बाहेर काढलं. गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या, पोरगी लाजली, तिची आई आता मोकळ्या गळ्यानं रडली. जेवणाची दुसरी पंगत उठते तोच हमरस्त्यावर रातपाळीची बस लागली. हे आणि चाळीतले बाकीचे डबे घेऊन निघाले, तर व्याह्यांनी वाट अडवली. मानकऱ्यांसाठी आणलेले फेटे होते, ते घेऊन उभे.

"थांबा. माझं पोरगं तुमच्या अंथरुणात निजलं. तुम्ही आता भावकी झाला. मानाबिगर जायचं न्हाई."

एकेकाला स्वतःच्या हातानं फेटा बांधला. मग पुढं बँड, त्याच्यामागं रातपाळीची माणसं, त्यांच्यामागं नवरानवरी आणि अख्खं वऱ्हाड, अशी ती वरात बसपर्यंत गेली. ड्रायव्हर खाली उतरून नाचला. नवरदेव सगळ्यांत जास्त नाचला. इतकी वर्षं कामावर जाणारा माणूस मुकाट्यानं, मान खाली घालून जाताना मी पाहिलेला. त्या दिवशी आमची माणसं कामावर वाजतगाजत गेली. बस निघाली तेव्हा खिडक्या-खिडक्यांतून नुसते फेटे.

मी मात्र पडले आणि छताच्या पत्र्याकडं बघत राहिले. आता तो काटा, आणि हे.

सकाळी बस आली. वऱ्हाडाच्या गाड्या भरायचं चाललेलं. आबा वाटेवर उभे, त्यांच्यामागं मी, माझ्यामागं नवरदेव. हे उतरले. डोक्याला फेटा तसाच, चेहरा काळवंडलेला. कायम झाल्याचा कागद पुढं पावसाळ्यात आला, पण मला तो ह्यांच्या चालण्यातच दिसला.

"झाला का माल?" आबांनी विचारलं.

"झाला, आबा. साहेबांनी सगळ्यांपुढं हात मिळवला." ह्यांचा आवाज जडावलेला. "रातभर एकदाबी डोळा मिटला न्हाई."

आबांनी पुढं होऊन आमच्या दाराची कडी काढून दिली.

"मग आता मीट."